घराजवळची भटकंती आणि एक नवा छंद: विशीत सुरुवात कशी करायची

कॉलेज संपेपर्यंत छंदाचा वेगळा विचार करावा लागत नाही. मैदान असतं, गॅदरिंग असतं, हाताशी रिकामी दुपार असते आणि "चल, येतोस का?" म्हणणारं कोणीतरी असतंच. नोकरी लागली किंवा कामासाठी गाव बदललं, की हे सगळं एकदमच जातं. शनिवार-रविवार मिळतात, पण त्यांचं करायचं काय ते सुचत नाही. मग अर्धा दिवस झोपेत जातो आणि उरलेला फोनवर.

वर्षातून एक-दोनदा मोठी ट्रिप होते, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बाकीच्या सुट्ट्या तशाच कोरड्या जातात. हा लेख त्या सुट्ट्यांसाठी आहे. माझा आग्रह असा, की छंद आणि जवळपासचं फिरणं यांना एकत्रच धरावं. नुसतं "बाहेर पडू या" म्हणून बाहेर पडलं तर तिसऱ्या खेपेला कंटाळा येतो, कारण तिथे जाऊन बघायचं काय हे ठरलेलं नसतं. आणि नुसता घरात बसून करायचा छंद कामाच्या थकव्यापुढे फार दिवस तग धरत नाही. घराजवळची एक जागा निवडायची, तिथे करायची एक गोष्ट ठरवायची आणि पुन्हा पुन्हा तिथेच जायचं. पुढचं सगळं हे कसं जमवायचं त्याबद्दल आहे.

पहिली पायरी: आधी वेळ, मग छंद

बहुतेक जण उलटं करतात. आधी गिटार घेतात, मग वाजवायला वेळ शोधतात. तुम्ही आधी एक साधा आठवडा डोळ्यांसमोर आणा. सुट्टीचा किंवा सणाचा नको, नेहमीचा. त्यात तुम्हाला थोडी तरी तरतरी असते अशी वेळ कोणती? संध्याकाळी सातला घरी येऊन तासभर जमिनीवर आडवे पडणारे असाल, तर तो तास छंदासाठी मोजू नका. रविवारी सकाळी सात ते नऊ हा वेळ अनेकांच्या हातात असतो, फक्त त्यासाठी शनिवारी रात्री थोडं लवकर झोपावं लागतं. ज्यांची शिफ्ट असते त्यांना कामाच्या दिवसातली सकाळ मिळते. गर्दी नसलेली बाग आणि मोकळं वाचनालय ही शिफ्टवाल्यांची चैन आहे, ती जरूर वापरा.

एक दीड-दोन तासांचा तुकडा आणि आठवड्यात कुठेतरी वीस मिनिटांचा दुसरा तुकडा, एवढं सुरुवातीला पुरे. मोठा तुकडा बाहेरचा, छोटा घरातला. हे दोन्ही तुकडे एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून द्या: सकाळचा चहा झाला की निघायचं, मंगळवारी जेवणानंतर वही उघडायची, असं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला लागलेला मध्य कालावधी ६६ दिवसांचा निघाला, पण माणसागणिक तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. "२१ दिवसांत सवय लागते" हे सर्रास ऐकू येणारं वाक्य त्यामुळे फारसं मनावर घेऊ नका. त्याच अभ्यासातली मला जास्त उपयोगाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. एक रविवार बुडाला म्हणून सगळं मोडलं असं समजायचं कारण नाही.

दुसरी पायरी: दिवसभर काय मिळत नाही, ते निवडा

छंद निवडताना "मला काय आवडतं?" हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. न केलेली गोष्ट आवडते की नाही हे कसं कळणार? त्यापेक्षा कामाच्या दिवसात आपल्याला काय अजिबात मिळत नाही ते विचारा. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याने संध्याकाळी व्हिडिओ एडिटिंग शिकायला घेतलं, तर डोळे आणि पाठ दोन्ही महिनाभरात संप पुकारतात. अशा माणसाला हात मळवणारं किंवा पाय चालवणारं काहीतरी हवं: माती, लाकूड, धावणं, सायकल. दिवसभर ग्राहकांशी, विद्यार्थ्यांशी किंवा पेशंटशी बोलणाऱ्याला गप्प राहता येईल असा छंद मानवतो. आणि एकट्याने, घरून काम करणाऱ्याला उलट माणसं हवी असतात. त्याने गाण्याचा समूह, नाटकाचा ग्रुप किंवा सांघिक खेळ आधी बघावा.

यादी दोनच नावांची ठेवा. त्यातला एक छंद महिनाभर करा. महिना म्हणजे चार-पाच मोठे तुकडे आणि तितकेच छोटे. त्याआधी "जमत नाही" किंवा "माझ्यासाठी नाही" असा निकाल देऊ नका. पहिल्या दोन खेपा सगळ्यांच्याच अवघडलेल्या जातात. दुसरं नाव राखीव ठेवा. दोन्ही एकदम सुरू केले तर एकाचा कंटाळा आला की दुसऱ्याकडे पळता येतं, आणि मग दोन्ही अर्धवट राहतात.

वय आडवं येतं असं विशीतल्या मुलामुलींनाही वाटतं, याचं मला दर वेळी आश्चर्य वाटतं. बाविसाव्या वर्षी चित्रकला सुरू करणाऱ्याला शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीचा हात आपल्यापेक्षा चांगला चालतो हे बघून संकोच होतो. असू दे चांगला. ती रोज करते आहे, तुम्ही आज आलात.

तिसरी पायरी: सामानाला उशीर करा

दुकानात जाऊन सामान आणणं हाही एक छंदच आहे, पण तो वेगळा. पहिल्या महिन्यात उसनं, भाड्याने किंवा जुनं वापरा. क्लास लावायचा असेल तर वर्षाची फी एकदम भरू नका. एका दिवसाची किंवा महिन्याची सोय आहे का ते विचारा, आणि फी परत मिळण्याचा नियम लेखी मागून घ्या.

काही गोष्टींत मात्र फार काटकसर महागात पडते. धावायचं असेल तर बूट पायाला नीट बसणारे हवेत. पाय दिवसभरात किंचित सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घालून बघावेत. रात्री सायकल चालवणार असाल तर पुढचा-मागचा दिवा आणि हेल्मेट पहिल्याच दिवशी. जलरंग वापरणार असाल तर कागद बरा घ्या. ३०० ग्रॅम प्रति चौरस मीटर वजनाच्या जाड कागदावर साधे रंगसुद्धा चालून जातात. पातळ कागद मात्र पाण्याने गोळा होतो आणि माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देतो.

आकाशासाठी टेलिस्कोप पहिल्या वर्षात घेऊच नका. स्वस्त टेलिस्कोपचा स्टँड थरथरतो, त्यातून काही सापडत नाही, आणि तो कपाटावर जाऊन बसतो. त्याऐवजी एक बायनॉक्युलर घ्या, तो पक्ष्यांनाही चालतो. त्यावर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल, आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. १० किंवा १२ पट घेण्याचा मोह होतो. पण जितकं मोठं दिसतं, तितकीच हाताची थरथरही मोठी दिसते. नवख्यासाठी ७ किंवा ८ पट उत्तम.

चौथी पायरी: घराभोवतीचं वर्तुळ

फोनवरचा नकाशा उघडा आणि घराभोवती साधारण तीन किलोमीटरचं वर्तुळ मनातल्या मनात काढा. त्यात काय काय आहे ते वहीत उतरवा: बाग, तळं, नदीचा काठ, मैदान, वाचनालय, संग्रहालय, जुना बाजार, टेकडी, रेल्वेचा पूल, कोणतीही जुनी इमारत. नेहमीच्या नकाशांवर दुकानं जास्त आणि बाकीचं कमी दिसतं. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनीच भरत नेलेला नकाशा आहे. त्यावर पायवाटा, बाक आणि पाण्याचे नळसुद्धा अनेकदा सापडतात. मग त्या यादीतल्या जागा एकेक करून पायी बघून या. एका खेपेला एकच.

पाहताना चार गोष्टी तपासा. सावली आहे का, बसायला जागा आहे का, स्वच्छतागृह जवळ आहे का, आणि अंधार पडल्यावर तिथून घरी यायला साधन आहे का. मनोहर दिसणारी पण यातलं काहीच नसलेली जागा दुसऱ्यांदा जाण्याच्या लायकीची राहत नाही. ज्या जागी हे जमतं ती तुमची कायमची जागा करा.

इथे मित्रमंडळी नेहमी हरकत घेतात: एकाच तळ्यावर दर आठवड्याला काय जायचं? पण जागा तीच राहिली की तिच्यातला बदल दिसायला लागतो. कोणत्या झाडाची पानगळ कधी होते, कोणता पक्षी दोन महिने दिसतो आणि मग नाहीसा होतो, कोणत्या बाकावर कोणते आजोबा बसतात. नवी जागा बघताना आपण आधी रस्ता, पार्किंग आणि खाण्याची सोय शोधत असतो. ते सगळं माहीत असलेल्या ठिकाणीच नजर मोकळी होते. शिवाय निघताना डोकं चालवावं लागत नाही. आळशी सकाळी हा फायदा मोठा असतो.

संग्रहालय वर्तुळात असेल तर त्याला एक खोली आणि एक तास द्या. सगळं बघायला गेलं की चौथ्या दालनात पाय बोलू लागतात आणि मूर्ती, नाणी, शस्त्रं एकमेकांत मिसळून जातात. एका खोलीतल्या तीन वस्तू निवडा. प्रत्येकीसमोर पाच मिनिटं उभे राहा, आणि पाटी वाचण्याआधी ती कशाची केली असेल, कशी धरत असतील, कुठे झिजली आहे ते बघा. १९७७ पासून दर वर्षी १८ मेच्या सुमाराला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन साजरा होतो. त्या दिवशी पुष्कळ संग्रहालयांत प्रवेश मोफत असतो आणि एरवी बंद असलेले विभागही कधी कधी उघडतात.

पाचवी पायरी: एकाच जागेवर करता येणारे छंद

आता प्रत्यक्ष काय करायचं. मला स्वतःला पक्षी आणि चित्रं यांची जोडी आवडते, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त लिहितो.

पक्षी पाहायला सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास सगळ्यांत चांगले. भडक कपडे टाळा, गटाने जात असाल तर गप्पा कमी ठेवा, आणि चालण्यापेक्षा थांबा जास्त. पाण्याच्या काठी किंवा फळं आलेल्या झाडाखाली वीस मिनिटं नुसतं उभं राहिलं, तरी दोन किलोमीटर चालून दिसत नाही इतकं दिसतं. सुरुवातीला दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे लागू नका. तुमच्या जागेवरचे रोजचे दहा पक्षी नर-मादी, आवाज आणि उडण्याच्या लकबीसकट ओळखता येऊ द्या. तेवढं झालं की अकरावा, अनोळखी पक्षी आपोआप नजरेत भरतो.

पक्षी दिसला की लगेच ॲप उघडायचा मोह आवरा. आधी मनात किंवा वहीत नोंदवा: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? चोच जाड की बारीक, सरळ की वाकडी? शेपूट लांब आहे का, तो ती सारखी हलवतो का? जमिनीवर आहे, खोडावर की शेंड्यावर? रंग सगळ्यांत शेवटी, कारण उन्हासावलीत रंग फसवतो. मग ॲप. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे मोफत ॲप असेच प्रश्न विचारून शक्यता दाखवतं आणि आवाजावरूनही अंदाज देतं. आवाजाचा अंदाज मात्र सूचना म्हणून घ्या. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत लिहू नका. त्याच प्रयोगशाळेच्या पुढाकाराने २००२ साली सुरू झालेल्या ई-बर्डवर तुमची यादी टाकता येते. तारीख, वेळ, किती अंतर चाललात आणि कोणते पक्षी किती, एवढं भरायचं. तुमच्या तळ्याची वर्षभराची नोंद अशी तयार होते आणि ती संशोधकांच्याही कामी येते. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ पासून चालू आहे. त्यात किमान पंधरा मिनिटं एका जागी पक्षी मोजून नोंद करायची. नवख्याला सामील व्हायला यापेक्षा सोपं निमित्त नाही.

बायनॉक्युलर पहिल्यांदा हातात घेतला की तो डोळ्यांना जुळवून घ्यावा लागतो, आणि हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही. दोन नळ्यांमधलं अंतर कमी-जास्त करून दोन गोलांऐवजी एकच गोल दिसेल असं करा. मग उजव्या नळीचं पुढचं भिंग हाताने झाका आणि मधलं चाक फिरवून दूरची एखादी पाटी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. आता डावी बाजू झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळचं कडं फिरवा आणि तीच पाटी स्पष्ट करा. हे कडं बहुतेक बायनॉक्युलरवर उजवीकडेच असतं. एकदा बसवलं की पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी कडा खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलवू नका. बायनॉक्युलर वर आणून डोळ्यांना लावा. उलट केलं तर पानांच्या गर्दीत पक्षी सापडत नाही.

घरट्याजवळ जाऊ नका आणि त्याचे फोटो जागेसकट पसरवू नका. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या हंगामात तो खाणं आणि पिल्लं सोडून त्या न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हाकलायला धावतो.

दहा-साडेदहाला ऊन चढलं की पक्षी मंदावतात. तेव्हा वही काढा. बाहेर बसून समोरचं चित्र काढणाऱ्यांचा अर्बन स्केचर्स नावाचा जागतिक समुदाय आहे. गॅब्रिएल कँपानारिओ या पत्रकाराने तो २००७ साली सुरू केला. त्यांचा मुख्य नियम मला फार पटतो: चित्र जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून काढायचं. फोटोवरून नाही.

वही तळहातापेक्षा थोडी मोठी, पाठीमागे पुठ्ठा असलेली घ्या, म्हणजे मांडीवर ठेवून काढता येतं. पेन्सिलीऐवजी पेन घ्या. रबर हाताशी असलं की एकच रेघ दहा वेळा पुसली जाते आणि चित्र पुढे सरकत नाही. पुढे जलरंग लावणार असाल, तर पेनची शाई पाण्याने न पसरणारी हवी. ती दुकानात ओल्या बोटाने तपासून घ्या.

पहिल्या दिवशी इमारत नको. बाक, कचऱ्याचा डबा, सायकल, झाडाचं खोड असं काहीतरी एकटं उभं असलेलं निवडा. पाच मिनिटांचा टायमर लावा. आधी कागदाकडे न बघता, डोळे वस्तूच्या कडेवरून जितक्या हळू सरकतील तितक्याच हळू पेन चालवा. निघालेलं चित्र हास्यास्पद दिसतं, दिसू द्या. त्यातून हाताला डोळ्याच्या मागे जायची सवय लागते. असं दोनदा केल्यावर नेहमीसारखं, कागदाकडे बघत काढा. मापं घ्यायला हात ताठ पुढे करून पेन उभं धरा, एक डोळा मिटा, आणि खोडाची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजा. हात कोपरात वाकला की माप बदलतं.

इमारती आणि रस्ते काढायला घेतलेत की क्षितिजरेषा आधी ठरवा. ती नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. बसलात तर खाली येते, पुलावर चढलात तर वर जाते. सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा, खिडक्यांच्या वरच्या-खालच्या ओळी, गटाराची कड, हे सगळं लांब जाताना त्या रेषेवरच्या एका बिंदूकडे वळतं. रेषेच्या वरच्या ओळी खाली उतरतात, खालच्या वर चढतात. एवढी एक गोष्ट समजली की निम्मी चित्रं आपोआप उभी राहतात. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि एखादं वाक्य लिहा: काय ऐकू येत होतं, कोण डोकावून गेलं. डोकावणारी माणसं येणारच. "चित्रकार आहात का?" असं विचारलं की "शिकतोय" किंवा "शिकतेय" एवढं उत्तर पुरतं. लहान मुलं आली तर त्यांना एक पान आणि पेन द्या. तुमचं चित्र त्या दिवशी होणार नाही, पण सकाळ छान जाते.

तीच जागा रात्री सुरक्षित आणि थोडी अंधारी असेल, तर आकाशही तिथूनच बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एकदा फोनची पांढरी स्क्रीन बघितली की ती बरीचशी मोडते. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा. चंद्र पौर्णिमेला बघण्यात मजा नाही, समोरून पडलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं. अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र घ्या आणि उजेड-अंधाराच्या सीमेवर बायनॉक्युलर लावा. विवरांच्या सावल्या तिथे लांब पडलेल्या असतात. गुरू आकाशात असेल तर बायनॉक्युलर भिंतीला टेकवून स्थिर धरा. शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतील. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र तेच. तारे ओळखायला मृग नक्षत्रापासून सुरुवात सोपी. जानेवारी-फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते सहज सापडतं. बाणाच्या तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध मिळतो, दुसऱ्या बाजूला रोहिणी आणि त्याच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. स्टेलॅरियम हे मोफत सॉफ्टवेअर घरी उघडून त्या रात्री काय दिसणार ते आधी बघून जा, मैदानात फोन काढायची वेळ येणार नाही.

धावण्याचं थोडक्यात सांगतो. सलग धावायला जाऊ नका. जॉश क्लार्कने १९९६ मध्ये आखलेला काउच टू ५के (म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत) हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आठवड्यातून तीन दिवस असतो. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद धावणं, ९० सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. धावताना एखादं पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. सांधा दुखत असेल तर थांबा, आणि आधीपासून काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

वाद्य शिकायचं असेल तर युकुलेलेचा विचार करा. चार नायलॉनच्या तारा, बोटांना गिटारइतका त्रास नाही, आणि पाठीवर टाकून बागेत नेता येतं. सी, ए मायनर, एफ आणि जी हे चार कॉर्ड एकमेकांत बदलता आले की ढीगभर गाणी वाजतात. पहिले काही आठवडे बागेतली बाकीची माणसं लक्षात घेऊन कोपरा निवडा.

सहावी पायरी: माणसं

पहिल्या एक-दोन खेपा एकट्याने करा. आपल्या सोयीचा वेग आणि वेळ कळते, आणि मित्राचं रद्द झालं म्हणून आपलंही रद्द होत नाही. नंतर गट शोधा. कुठे? वाचनालयाचा सूचनाफलक, संग्रहालयाचे कार्यक्रम, पक्षीनिरीक्षण किंवा धावण्याचे स्थानिक गट. पार्करन नावाची पाच किलोमीटरची मोफत साप्ताहिक धाव २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावणाऱ्यांसह सुरू झाली, आता ती अनेक देशांत चालते. तिथे चालत गेलं तरी चालतं आणि स्वयंसेवक म्हणून नुसतं उभं राहिलं तरी चालतं.

लाजाळू माणसासाठी ती शेवटची गोष्ट फार उपयोगाची आहे. गटात नुसतं जाऊन उभं राहिलं की हातांचं काय करायचं तेही कळत नाही. काहीतरी काम मागून घ्या: नावं लिहिणं, पाण्याच्या बाटल्या ठेवणं, खुर्च्या लावणं. काम असलं की बोलायला निमित्त शोधावं लागत नाही. दहा मिनिटं आधी पोचा. तेव्हा दोन-तीनच माणसं असतात आणि ती स्वतःहून बोलतात. उशिरा पोचलात की गोल आधीच तयार झालेला असतो.

आणि तोच गट धरून राहा. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाच्या २०१८ च्या अभ्यासात ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास आणि त्याच्या पुढच्या मैत्रीला ९० तास लागतात असं दिसलं. जिवलग मैत्रीचा आकडा २०० तासांच्या वर आहे. दोन रविवारी गेलो आणि कोणी मित्र झालं नाही, या तक्रारीत म्हणूनच दम नाही. दर आठवड्याला दोन तास धरले तर साध्या मैत्रीलाच सहा महिने लागतात. पाच गटांत थोडं थोडं डोकावणाऱ्याचा हा हिशोब कुठेच पूर्ण होत नाही.

सुरक्षिततेचं रोखठोक बोलतो, कारण मुलींना तर हे हिशोब रोजच करावे लागतात. अनोळखी गटाला पहिल्यांदा भेटताना जागा सार्वजनिक आणि वर्दळीची असावी. घरातल्या किंवा जवळच्या एका व्यक्तीला लोकेशन आणि परतायची वेळ सांगून ठेवा. परतीचं साधन स्वतःचं ठेवा, "मी सोडतो ना" यावर अवलंबून राहू नका. पॉवर बँक आणि थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. गटातलं कोणी खटकलं तर कारणं न देता निघून या. सभ्यपणा दाखवायला तिथे थांबायची गरज नसते. आणि तुम्ही गटातले जुने असाल तर नव्याने आलेल्या मुलीला तिचा नंबर मागण्याआधी गटाचा नंबर द्या.

सातवी पायरी: फोटो, कंटाळा आणि सोडून देणं

पहिले दोन-तीन महिने छंदाचं काहीच पोस्ट करू नका, असं माझं मत आहे. मित्रांना हे टोकाचं वाटतं. पण पोस्ट करायचं ठरलं की माणूस चांगलं दिसेल तेच काढतो, सोप्या जागी जातो, आणि वाईट चित्रांची पानं फाडतो. शिकणं नेमकं त्याच पानांवर होत असतं. आठवण म्हणून घरी येऊन दोन ओळी लिहा, पुरे. याच कारणाने छंदातून कमाई करायचा विचारही वर्षभर लांब ठेवा. ऑर्डर घेतली की वेळ, दर आणि ग्राहकाची नापसंती मागोमाग येतात, आणि मग तुम्हाला नोकरीनंतर दुसरी नोकरी मिळालेली असते.

कंटाळा येणारच, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. सुरुवातीला दर खेपेला काहीतरी नवं जमत असतं, नंतर ते थांबल्यासारखं वाटतं. तेव्हा दोन प्रश्न विचारा. तिथे पोचल्यावर, पहिली दहा मिनिटं गेल्यावर, बरं वाटतं का? आणि एखादा आठवडा चुकला तर चुकल्यासारखं वाटतं का? दोन्हींपैकी एकाचं उत्तर हो असेल तर छंद बरोबर आहे, फक्त काहीतरी बदला. पक्षी बघणाऱ्याने महिनाभर फक्त आवाज ऐकावेत. चित्र काढणाऱ्याने एकाच झाडाची चित्रं काढावीत. धावणाऱ्याने घड्याळ घरी ठेवावं. फेऱ्या कमी केल्या तरी चालेल, पण ठरलेला वार बदलू नका.

दोन्हींचं उत्तर नाही असेल तर सोडा. क्लासचे पैसे भरलेत म्हणून महिनोन्‌महिने स्वतःला ओढत नेण्यात काही शहाणपण नाही. ते पैसे जाऊन तिथून सुटका होत असेल तर ती स्वस्तच. राखीव ठेवलेलं दुसरं नाव आता बाहेर काढा, आणि जागा, वेळ, वार तेच ठेवा. ती घडी बसवायला जास्त कष्ट लागलेले असतात, ती छंदाबरोबर टाकून देऊ नका.

सामान महिन्याभरात हलवा. कपाटात पडलेलं वाद्य दर वेळी दार उघडलं की टोमणा मारतं. विकायचं असेल तर जिथून क्लास सोडला तिथेच विचारा, नव्याने येणारं कोणीतरी हमखास शोधत असतं. द्यायचं असेल तर त्या माणसाला नुसती वस्तू देऊ नका, तिच्याबरोबर पहिल्या महिन्यात तुम्हाला समजलेलंही सांगा: तार कोणती लवकर तुटते, कोणते सर नवख्याला वेळ देतात, कोणत्या बाकावर दुपारी ऊन येतं.